ख्रिस्ती म्हणून थट्टा झाली, त्रास झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

बायबलची वचनं आपल्या सगळ्यांनाच पाठ आहेत हो, दुसरा गाल पुढे कर वगैरे, पण त्या क्षणी तुमच्या तोंडून काय निघालं ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते. ऑफिसात एकाने माझ्या गळ्यातल्या क्रूसावरून जोक मारला आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. घरी आल्यावर येशूचा शिष्य पेत्र आठवला, येशूबद्दल तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणालेला. तो निदान जिवाला भ्यायला होता, मी तर चार लोकांत वेगळी पडायला.

*

माझं उलटं झालं. हॉस्टेलवर मी रात्री-रात्री वाद घालायचो आणि पोरं चिडवायला लागली की वाटायचं, हाच तो छळ. शेवटी चर्चच्या पाळकांनी बायबलमधलं १ पेत्र ४:१५ उघडून दिलं. तिथे खुनी, चोर यांच्याच यादीत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा पण आहे! पोरं माझ्या विश्वासाला नाही, आगाऊपणाला वैतागली होती. रूममेटची माफी मागितली तर म्हणतो, बरं झालं, आता झोपू दे.

*

मी दोन वर्षं गप्प बसले. वरिष्ठ मीटिंगमध्ये 'हिला विचारा, हिचा देवाशी डायरेक्ट कॉन्टॅक्ट आहे' म्हणायचे, मग कामं काढून घेतली, मग घाणेरडे मेसेज, आणि मी आपली प्रार्थना करतेय, कारण क्षमा करायची म्हणजे तक्रार करायची नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं. मग योहान १८:२३ नीट वाचलं. येशूला चपराक मारली तेव्हा तो सरळ विचारतो, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो तर का मारतोस? आणि प्रेषित पौल तर फटके मारायला बांधला तेव्हा आपण रोमी नागरिक असल्याचं सांगतो, पुढे थेट कैसरापर्यंत, म्हणजे रोमच्या सम्राटापर्यंत, अपील करतो. म्हणून मी स्क्रीनशॉट, तारखा सगळं लावून लेखी तक्रार दिली. त्यांच्यासाठी प्रार्थना अजून करते, खोटं कशाला बोलू, दात-ओठ खात करते.

*

आम्ही घर बदललं. दारावर लिहिलेलं पुसून पुसून थकलो, मुलं घाबरायला लागली. पळपुटे म्हणणारे चर्चमधलेच निघाले. मत्तय १०:२३ त्यांनी वाचलेलं नसावं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळा असं स्वतः प्रभूच सांगतो.

*

मीम्सचा मला फार राग यायचा. मग रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवरच्या भिंतीबद्दल वाचलं. १८५७ मध्ये तिथे एक कोरलेलं प्राचीन चित्र सापडलं, क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये, अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. म्हणजे मीमच की! शेजारच्या खोलीत लॅटिनमध्ये 'अलेक्सामेनोस विश्वासू' असंही कोरलंय. त्यानेच लिहिलं का कुणी मित्राने, कुणास ठाऊक. मला मित्रच वाटतो.

*

धागा काढणारी परत आलेय. तोच माणूस काल पुन्हा बोलला. मी म्हटलं, 'मला हे आवडत नाही.' आवाज थरथरत होता. तो म्हणाला, 'अगं मस्करी गं.' मी हसले नाही. आता सोमवारी बघू.