ऑनलाइन वर्गांसाठी हेडफोन आणि वेगळा माइक: काय घ्यावं?

पाटीपेन्सिल
दहावीच्या गणिताचे ऑनलाइन वर्ग घेते, रोज सलग दोन तास. सध्या ब्लूटूथ हेडफोन आहे. वर्ग सुरू झाला की मुलांचा आवाज चेपका येतो आणि माझाही त्यांना तसाच जातो. त्याच हेडफोनवर गाणी मात्र छान वाजतात. लॅपटॉपला एकच ऑडिओ जॅक, डोक्यावर पंखा. आता हेडफोन आणि माइक वेगवेगळे घ्यायचे आहेत, दोन्ही मिळून बजेट १५ हजार. कंडेन्सर माइक चांगला असं सगळीकडे वाचते. तोच घेऊ का?

कंपन
आधी चेपक्या आवाजाचं कारण. गाणी ऐकताना ब्लूटूथ हेडफोन ए-टू-डीपी प्रोफाइलवर (ब्लूटूथची आवाज पाठवण्याची एक पद्धत) असतो: स्टिरिओ, पण एकमार्गी. त्याचा माइक उघडला की तो हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. तिथे मोनो आवाज, आणि सँपलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे घेतलेले नमुने, साधारणपणे ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. ८ वर असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, आणि 'स', 'श' यांची धार तर तिथेच असते.

खरेदीआधी आजच हे करा. झूममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन राहू द्या. मुलांचे आवाज बहुधा लगेच सुधारतील. विंडोजमध्ये बदलूनही फरक पडला नाही तर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बघा, तिथली निवड वेगळी असते.

खर्जातला सा
ताई, कंडेन्सर माइक फार संवेदनशील असतो, पंख्याखाली तो नको. डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील प्रकारचा, घ्या. डायनॅमिक माइक पंख्याचा आवाज ओळखून गाळतो असं मात्र नाही. तो तोंडाजवळ ठेवूनच वापरायचा असतो, खरा फरक तिथे पडतो. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंखा आहे तेवढाच राहतो. ४० सेंटिमीटरवरून १० वर आलात तर १२ डेसिबलचा फायदा. महागडा माइक टेबलाच्या पलीकडे ठेवून हे कधीच मिळत नाही.

सॅमसन क्यू-टू-यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर-२१००एक्स बघा. दोन्ही डायनॅमिक, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे), यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) दोन्ही असलेले. शुअर एसएम-५८ उत्तम आहे, पण तो फक्त एक्सएलआर. त्याला इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) लागतो आणि बोलण्यासाठी ५०-६० डेसिबल गेन, म्हणजे आवाजाची वाढ. स्वस्त इंटरफेस एवढा गेन देताना सूंऽऽ करतो.

माइक समोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी तिरका, ८ ते १० सेंटिमीटरवर. मराठीत 'फ', 'भ', 'ठ' यांना हवेचा झोत जोरात सुटतो. "फळ्यावरची भूमिती" म्हणून रेकॉर्ड करून ऐका. धप्प आवाज आला तर अजून बाजूला सरकवा. फोमची टोपी हवीच, पंख्याचा वारा थेट जाळीवर लागला तर घरघर येते.

कार्डिऑइड पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. माइक आर्मने (टेबलाला लावायच्या दांडीने) वरून आणलात तर पाठ पंख्याकडे होते, पण तोंड कीबोर्डकडे. पेन टॅबलेटवर लिहीत असाल तर तसंच ठेवा, टाइप करत असाल तर खालून आणा.

झूममधलं माइकची पातळी आपोआप बदलण्याचं सेटिंग बंद करा. तुम्ही गणित लिहिताना गप्प झालात की ते पातळी वाढवतं आणि पंखा वर येतो. वर्गातल्या आवाजात बोलून चाचणी रेकॉर्ड करा आणि शिखरं, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

कानोसा
हेडफोन बंद पाठीचाच घ्या, म्हणजे कानावरची वाटी बाहेरून बंद असलेला. उघड्या पाठीचा आवाज १० सेंटिमीटरवरच्या माइकमध्ये शिरतो आणि मुलांना स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स (४७ ओहम; हा आकडा जितका मोठा तितका हेडफोन वाजवायला जास्त जोर लागतो) या कामाला पुरेसा आहे, मात्र त्याची ३ मीटरची वायर निघत नाही. ती तुटण्याची भीती असेल तर एम४०एक्स, त्याची वायर बदलता येते. बेयरडायनॅमिक डीटी-७७० प्रोची २५० ओहमची आवृत्ती लॅपटॉपवर हळू वाजेल, घेऊ नका.

चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात किमान १५ मिनिटं हेडफोन लावून बसा. काडी गादीखाली दबली की कानशील दुखतं, आणि फटीतून खर्जही निसटतो.

हेडफोन लॅपटॉपऐवजी माइकच्या अंगावरच्या जॅकला लावा आणि झूममध्ये स्पीकर म्हणूनही त्या माइकचंच नाव निवडा. मग स्वतःचा आवाज उशीर न होता कानात येतो. बंद हेडफोनमध्ये तो आला नाही की माणूस नकळत ओरडायला लागतो, आणि दोन तासांनी घसा बसतो.

पाटीपेन्सिल
डायनॅमिकच घेते. एक शंका: आताही लॅपटॉप चार्जिंगला लावला की वायरच्या हेडफोनमध्ये घूंऽऽ येतं. यूएसबी माइकलाही येईल?

कंपन
येऊ शकतं. चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर बहुतेक अर्थिंगचा घोळ. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो अडॅप्टर काढा, आणि सॉकेटला अर्थ खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. माइक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. तोवर वर्गाआधी बॅटरी पूर्ण भरून चार्जर काढून ठेवा.