मदत हवी आहे : ‘टर्न अ ब्लाइंड आय’ मराठीत कसे आणावे?

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी आरमारी इतिहासावरील इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचारापाशी माझे घोडे अडले आहे. दिसत असूनही न दिसल्यासारखे करणे, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. अडचण आहे ती त्याला जोडल्या जाणाऱ्या कथेची. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख सर हाइड पार्कर यांनी निशाणे चढवून लढाई थांबवण्याचा इशारा दिला, तेव्हा १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरील काल्व्हीच्या वेढ्यात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेल्या, त्यांच्या हाताखालील सेनानी नेल्सनने त्याच डोळ्याला दुर्बीण लावून ‘मला इशारा दिसतच नाही’ असे म्हटल्याचे सांगतात, आणि लढाई चालूच ठेवली.

‘डोळेझाक’ म्हटले की डोळे मिटतात आणि दुर्बीण वाया जाते. ‘कानाडोळा’ म्हटले की कान उगाच मध्ये येतो. आंधळ्या डोळ्याची ही खोच राखणारा, बोलीतला किंवा जुन्या वापरातला एखादा प्रयोग कोणास ठाऊक असल्यास तो कृपया एखाद्या वाक्यासह कळवावा. तळटीप नको, असा संपादकांचा आग्रह आहे.