मे महिन्यात सोलरचे युनिट कमी काहून येऊन राहिले?

गच्चीवाला_नागपूर: मंडळी, गच्चीवर ३ किलोवॅट बसवलं, सबसिडीचे ७८ हजार पण जमा झाले. पण मार्चात दुपारी बारा वाजता ॲपवर जेवढं दिसायचं तेवढं आता दिसत नाही, आणि ऊन तर असं की पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही. इन्स्टॉलर तर म्हणे ऊन जास्त तेवढे युनिट जास्त. आणि ते समुद्राच्या प्रवाहावर वीज बनवायचं संशोधन चालू आहे म्हणतात, त्यात एवढा पैसा कशाला घालतात बाप्पा, ऊन फुकट पडून राहिलंय ना!

मेकॅनिकल_भाऊ: पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नाही. वॅटेज मोजतात ते सेल २५ डिग्रीवर ठेवून, आणि आपल्या गच्चीवर मे महिन्यात सेल ६५ च्या वर जातो. साध्या सिलिकॉन पॅनलचं दर डिग्रीला ०.३५ टक्क्याच्या आसपास आउटपुट पडतं, म्हणजे ४० डिग्रीचे १४ टक्के गेले, वरून धूळ वेगळी. पॅनल स्लॅबला चिकटून बसवले असतील तर खालून हवा खेळत नाही, ते पहिले बघा. आणि धुवायचे तर सकाळी सहाला, भर दुपारी तापल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

सीताबर्डी_एक्सप्रेस: मग पवनचक्की लाव ना गच्चीवर 😄

मेकॅनिकल_भाऊ: हवा कुठे आहे बे इथे? वाऱ्याचा वेग अर्धा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. त्या चक्क्या सातारा-सांगली-धुळ्याकडेच शोभतात.

रजनी_ताई: समुद्राचं सांगते, कारण ऊन-वाऱ्यानंतरचा हा तिसरा पर्याय सगळे हसण्यावारी नेतात. पाणी हवेपेक्षा ८०० पटीने दाट, त्यामुळे सेकंदाला दीड मीटर, म्हणजे आपण पायी चालतो तेवढ्या वेगाचा प्रवाह ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याइतकी ताकद देतो. जपानने कुरोशिओ प्रवाहात २०१७ साली काइर्यू नावाचं १०० किलोवॅटचं यंत्र बुडवून पाहिलं, समुद्राच्या तळाला दोराने बांधलेलं, पतंगासारखं पाण्यात तरंगणारं, दोन टर्बाइन एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे म्हणजे ते स्वतः गरगरत नाही. तेव्हा ३० किलोवॅटपर्यंतच निघाली वीज. खारं पाणी, गंज, शेवाळ, दुरुस्तीला जहाज, सगळा खर्च तिथेच जातो. पण हा प्रवाह रात्री थांबत नाही. तुमचं सोलर साडेसहाला झोपतं आणि नागपूरचे कूलर रात्रभर चालतात, ते कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच ना?

गच्चीवाला_नागपूर: हे पटलं ताई. म्हणजे आपल्याकडे पण होईल का समुद्रात?

रजनी_ताई: कुरोशिओसारखा बारमाही जोरदार प्रवाह आपल्या किनाऱ्याला नाही, मान्सूनबरोबर प्रवाहाची दिशाच बदलते. भरती-ओहोटीचा जोर खंभात आणि कच्छच्या आखातात आहे. लाटांवर केरळातल्या विळिंजमला १५० किलोवॅटचा प्रयोग १९९१ मधेच झाला होता.

गच्चीवाला_नागपूर: आणि ते हेटेरोजंक्शन पॅनल, सिलिकॉनवर दुसऱ्या प्रकारच्या सिलिकॉनचे पातळ थर असलेले? बदलून टाकू का?

मेकॅनिकल_भाऊ: त्यात दर डिग्रीला ०.२५ टक्क्याच्या आसपास घट, म्हणजे उन्हाळ्यात थोडा फायदा. पण चालू पॅनल काढून नवे लावायला परवडत नाही. पहिले स्लॅबपासून किती उंच आहेत त्याचा फोटो टाका.