कोकणातल्या गरम कुंडांच्या विजेत गोव्याने पैसा घालावा का?

मांडवीकाठ
चतुर्थीआधी मुंबईहून येताना संगमेश्वरजवळ तुरळच्या गरम कुंडापाशी थांबलो. कुंडात बोट बुडवलं आणि झटक्यात काढलं. एवढी उष्णता फुकट वाहून जाते आणि आम्ही बहुतेक सगळी वीज बाहेरून आणतो! तमनारहून गोव्यात वीज आणायच्या लाईनवरून मोलेच्या जंगलात काय रामायण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. केंद्राने २०२५ मध्ये भू-औष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेच्या विजेचं) धोरण आणलंय, देशाची क्षमता १०,६०० मेगावॉट धरलीय. सोलर पावसात मान टाकतं, ही वीज चोवीस तास. महाराष्ट्राबरोबर भागी करा की!

चिरेखाण
बोट भाजलं म्हणून टर्बाइन फिरत नाही हो. कोकणातली कुंडं ४० ते ७० अंशांची. थेट वाफेवर चालवायचं तर खाली दीडशेच्या वर लागतं.

मांडवीकाठ
अलास्कात चेनाला ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज काढतात. लवकर उकळणारा दुसरा द्रव वापरायचा, झालं.

चिरेखाण
झालं नाही. तो द्रव परत थंड कशाने करणार? चेनाला चार-पाच अंशांचं पाणी मिळतं. आमच्या बांयचं (विहिरीचं) पाणी २७-२८. तिथे सत्तर अंशांचा फरक, इथे जेमतेम चाळीस. या धंद्यात फरक विकायचा असतो, गरम पाणी नव्हे.

शिगमो७
केसरवालचा झरा आपलाच आहे ना?

चिरेखाण
तो थंड. आंघोळ करून या.

खोलपाणी
झऱ्याच्या मागे कशाला लागता? अमेरिकेत नेवाडात फर्वो कंपनीने २०२३ मध्ये आडव्या विहिरी मारून, खडकाला भेगा पाडून, त्यातून पाणी खेळवून वीज काढून दाखवली. तेलवाल्यांचंच तंत्र. उद्या खोदाई स्वस्त झाली की गोव्याचा खडकही चालेल.

चिरेखाण
आपला खडक म्हातारा आणि थंड. किलोमीटरला २५-३० अंश धरले तर दीडशेसाठी साडेचार किलोमीटर खाली जायचं. कोरियात पोहांगला असंच पाणी दाबलं आणि २०१७ मध्ये ५.४ चा भूकंप झाला. आपल्या शेजारी कोयना आहे, १९६७ आठवतं ना? आणि लडाखचं पुगा बघा, देशातली सगळ्यात चांगली जागा. १ मेगावॉटसाठी २०२१ मध्ये करार झाला, पुढच्याच वर्षी खोदताना आतलं पाणी ओढ्यात शिरलं, काम थांबलं.

मांडवीकाठ
मग काय, बघत बसायचं?

भिरंड
वीज सोडा. माझी सोलं (भिरंडांची, म्हणजे कोकमांची वाळवलेली सालं) दरवर्षी जूनच्या पहिल्या सरीत सापडतात. अंगणातून उचलून आत आणेपर्यंत चिकट, चार दिवसांत बुरशी. साठ अंशांचं पाणी पाइपातून फिरवून वाळवणीची खोली तापवा. ना टर्बाइन, ना साडेचार किलोमीटर. आइसलँडमध्ये अशीच घरं तापवतात.

मांडवीकाठ
पण सोलं वाळवायला तुरळला नेणार?

भिरंड
संगमेश्वरवाल्यांना भिरंडं नसतात का?

चिरेखाण
याला माझी वर्गणी आहे. भागी तेवढी नको.