कामगार, कर्मचारी, मजूर : कायद्याच्या भाषेत कोण कोण?

प्रश्न : भाऊ, पुतण्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला आहे. ऑर्डरवर 'शिफ्ट एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलंय; काम दिवसभर मशीन चालवायचं. आता कमी करण्याची भाषा सुरू झाली आहे. एचआरवाले म्हणतात, "तू कर्मचारी आहेस, कामगार नाहीस, लेबर कोर्टात जाऊ शकत नाहीस." एवढा फरक असतो का या दोन शब्दांत?

उत्तर : फरक असतो, पण ते सांगतात तसा नाही. बोलताना आपण अंगमेहनतीवाल्याला कामगार आणि टेबलावरच्याला कर्मचारी म्हणतो. कायद्यात ही वाटणी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने अकुशल, कुशल आणि तांत्रिक कामासोबत कारकुनी कामही 'कामगार' या व्याख्येत घेतलं. म्हणजे बिलं टाइप करणारा क्लार्कसुद्धा कामगारच. बाहेर राहतात ते मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणारे सुपरवायझर. ही मर्यादा आधी महिना १०,००० रुपये होती. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. या संहितेत दोन्ही शब्दांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत : कर्मचारी म्हणजे मॅनेजरसकट सगळे, कामगार त्यांच्यातलेच काही. तेव्हा कामगार हा कर्मचारी असतोच. "कर्मचारी आहेस म्हणून कामगार नाहीस" हे बोलणंच चूक आहे.

इथे बहुतेकांची गफलत होते. १८,००० ची अट फक्त सुपरवायझरला आहे. मशीन चालवणाऱ्याला ४०,००० मिळत असले तरी तो कामगारच राहतो.

ऑर्डरवरच्या पदाचंही तसंच. कोर्ट पद बघत नाही, मुख्य काम बघतं. पुतण्याच्या सहीने कोणाची रजा मंजूर होते का? तो कोणाला कामावर घेतो, काढतो, मेमो देतो? नसेल तर नाव कितीही भारी असो, तो कामगार. मला याचा राग येतो, कारण पोरं त्या नावावर खूश होतात आणि हक्काची वेळ आली की तेच नाव त्यांच्या आड येतं.

आणखी एक : प्रत्येक कायद्याची व्याख्या वेगळी, हेही लक्षात असू द्या. १९२३ चा कामावरच्या अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा आधी 'वर्कमेन'च्या नावाने होता, २००९ च्या दुरुस्तीने 'एम्प्लॉयी' झाला. उलट आपल्या राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात शब्द 'एम्प्लॉयी', पण बहुतेक कारखान्यांपुरता त्याचा अर्थ १९४७ च्या कायद्यातला कामगार! पीएफमध्ये ठेकेदाराची माणसंही कर्मचारी. शिक्षक मात्र कामगार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं.

आणि मजूर? हा रोजच्या बोलण्यातला शब्द. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्याला आपण हमाल किंवा मजूर म्हणतो. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावात मात्र 'श्रमजीवी कामगार' असंच आहे.

मूळ प्रश्नाबद्दल : पुतण्याला सांगा, राजीनाम्यावर सही करू नको. प्रॉडक्शन स्लिपा, शिफ्टचा तक्ता, आणि स्वतःच्या रजेचा अर्ज ज्यावर वरच्या साहेबाची सही आहे, त्यांच्या झेरॉक्स आजच काढून घरी ठेव.