दवण्याच्या काढ्याबद्दल
चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय, हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध दवण्याच्या भाऊबंदातूनच आलं, मग दवण्याचा काढा का नको? भाऊ, कूळ एक, पण झाड वेगळं. शिवाय आर्टेमिसिनिन पाण्यात फारसं विरघळत नाही आणि उष्णतेने बिघडतं. ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचे सुरुवातीचे अर्क म्हणूनच फसत होते. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या पोथीत त्या झाडाचा पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितलाय, उकळायला नाही. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला. १९७१ साली १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले हिवतापाचे परजीवी साफ केले, पुढे त्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. नोबेल मिळालं २०१५ मध्ये!

आमची यावलकडची आजी आव पडली की कुड्याची साल उगाळून द्यायची. त्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं औषधी गुणाचं रसायन, असतं, म्हणजे आजी अगदीच हवेत नव्हती. पण मात्रा विचारली की उत्तर ‘चिमूटभर’. परीक्षानळीत परजीवी मिठानेही मरतो हो! रक्तात किती पोचतं, यकृताला किती झेपतं, खरी चाचणी तिथे.

पाड्यावर कुणाला थंडी वाजून ताप आला तर काढ्याआधी आशाताईंकडून रक्त तपासून घ्या.