डिसेंबरात आईला जर्मनीला न्यायचंय – तारखा, थंडी आणि गुडघे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात, म्हणजे २०२६ च्या, आम्ही चौघं जर्मनीला जायचं म्हणतोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ६८. ही सहल मुळात कोणासाठी आहे ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

आईनं पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला जर्मन शिकवलं. बरीच मुलं मार्क चांगले पडतात म्हणून जर्मन घ्यायची, पण दर डिसेंबरात नाताळचा धडा आला की ती घरून दालचिनी, लवंगा आणि संत्र्याची सालं पाण्यात उकळून थर्मासमधून न्यायची आणि वर्गाला वास द्यायची. 'ग्ल्यूवाइनचा (मसाले घातलेल्या गरम वाइनचा) वास असा असतो.' तिनं स्वतः तो कधीच घेतलेला नव्हता. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत असताना एकदा जर्मनीला जायची संधी आली होती, तेव्हा मी चार महिन्यांची होते. राहून गेलं. पुढे बाबांचं आजारपण सुरू झालं आणि तो विषयच मागे पडला. आज बाबा नाहीत. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, पण थांबत थांबत दीड किलोमीटर चालते. दोन वर्षांनी चालेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून यंदाच.

तिला न्युर्नबर्गचा नाताळबाजार बघायचाय. बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल म्हणते. मी मात्र म्युनिक, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला आणि जमलं तर थोडा बर्फ असं मनात धरलंय.

अडचण तारखांची आहे. मुलाच्या शाळेची नाताळची सुट्टी २४ डिसेंबरला सुरू होते, आणि वाचते आहे की न्युर्नबर्गचा बाजार २४ ला संपतो! म्हणजे सुट्टीत गेलो तर जे बघायला जायचं तेच नाही. शाळा चार-पाच दिवस बुडवून १८ ला निघावं आणि २९ ला परतावं, की २४ ते ३ जानेवारी जाऊन दुसरं काही बघावं? दुसऱ्या शहरात नंतरही बाजार असतात का?

आणखी थोडं. आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. थंडीचा आम्हाला अनुभव फक्त महाबळेश्वरचा. गुडघ्यांना तिथली थंडी कितपत बाधते? गाडी भाड्यानं घ्यावी की रेल्वे पुरे? आणि व्हिसासाठी आत्ता जुलैत अर्ज करणं फार लवकर होईल का?

वेळ काढून वाचल्याबद्दल आभार.

*

प्रतिसाद १

१८ ला निघा. यावर दुसरा विचारच करू नका. मी न्युर्नबर्गजवळ अकरा वर्षं राहतोय.

क्रिस्टकिंडल्समार्क्ट, म्हणजे इथला नाताळबाजार, पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या (नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या) आधीच्या शुक्रवारी सुरू होतो, म्हणजे यंदा २७ नोव्हेंबरला, आणि २४ डिसेंबरला दुपारी आवरतो. बर्लिनमध्ये काही बाजार नाताळनंतरही चालू राहतात, पण तुमच्या आईंनी शिकवलेला बाजार तो नव्हे. इथे हाउप्टमार्क्टच्या चौकात लाकडी दुकानं असतात आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. 'लाकडाचं आणि कापडाचं गावच' असं या बाजाराला म्हणतात. उद्घाटनाला क्रिस्टकिंड, म्हणजे सोनेरी केसांचा टोप घातलेली एक तरुण मुलगी, फ्राउएनकिर्खे या चर्चच्या सज्जातून स्वागताच्या ओळी म्हणते. दर दोन वर्षांनी नवी मुलगी निवडतात. उद्घाटन तुम्हाला मिळणार नाही, पण आईंना त्या ओळी पाठ असतील अशी माझी खात्री आहे.

आता महत्त्वाचं. शनिवारी-रविवारी आणि रोज संध्याकाळी पाचनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. धक्के लागतात, खाली दगडी फरशी, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ते बरोबर नाही. सोमवार २१ किंवा मंगळवार २२ ला सकाळी दहा-साडेदहाला पोचा, दुकानं नुकती उघडलेली असतात, विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो. दुपारी हॉटेलवर जाऊन आईंना आडवं होऊ द्या. सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवे लागलेले बघायला अर्ध्या तासासाठी परत या. म्हणूनच हॉटेल जुन्या गावात किंवा स्टेशनाजवळ घ्या, दूरचं स्वस्त घेऊ नका. दिवसातून दोनदा जाता आलं पाहिजे.

मुलासाठी हान्स-साक्स-प्लात्झवर लहान मुलांचा वेगळा बाजार असतो, जुन्या पद्धतीचं मेरी-गो-राउंड वगैरे. आणि रेल्वे आवडत असेल तर डीबी म्युझियम, म्हणजे जर्मन रेल्वेचं संग्रहालय. जर्मनीतली पहिली प्रवासी रेल्वे १८३५ साली न्युर्नबर्ग ते फ्युर्थ अशी धावली. तिच्या आडलर इंजिनाची प्रतिकृती तिथे आहे. सोमवारी बंद असतं, मंगळवारी जा.

खाण्याचं. सॉसेजच्या दुकानांचा वास सगळीकडे असतो, त्याची आईंना आधी कल्पना द्या. कार्टोफेलपुफर म्हणजे बटाट्याचे किसून तळलेले वडे, सफरचंदाच्या गरासोबत देतात. शाकाहारी म्हणून विकतात पण पुष्कळदा त्यात अंडं असतं. केझेश्पेत्स्ले हा चीज घातलेला शेवयांसारखा प्रकार, त्याच्या पिठातही अंडं. लेबकूखन या मसालेदार केकमध्येही बहुतेक वेळा असतंच. बिनधास्त खाता येतील ते साखरेत भाजलेले बदाम, गरम चेस्टनट आणि फ्रेंच फ्राइज. बाकी ठिकाणी 'ओने आय?' (अंड्याविना?) विचारायचं, ते तर आईच विचारतील. ग्ल्यूवाइन नको असेल तर तोच मसाला घातलेला बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो. मगसाठी अनामत घेतात. तो परत दिला नाही तर तुमचा, आठवण म्हणून घरी न्या. सुटी नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहांनाही लागतात.

*

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मी किल्ल्याबद्दल लिहिते, कारण मी माझ्या सासूबाईंना जानेवारीत नेलं होतं आणि ती माझी चूक होती.

नॉयश्वानस्टाइन २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतो. बाजार झाल्यावर तुमच्या तारखांत २६ ते २८ उरतात, आणि त्या दिवसांत गर्दी होते, तिकिटं आधीच ऑनलाइन घ्यावी लागतात. खालून वर चढ चालत अर्ध्या तासाहून जास्त. घोडागाडी आहे, पण ती दाराशी सोडत नाही, शेवटचा चढ पायीच. आत जिने आहेत आणि ठरलेल्या वेळेच्या गटाबरोबरच फिरावं लागतं, त्यामुळे मध्येच बसायला मिळत नाही. ज्या पुलावरून सगळे फोटो काढतात तो मारीएनब्र्युके बर्फ किंवा निसरडं असलं की बंद करतात. सासूबाई निम्म्या वाटेवर एका बाकावर बसून राहिल्या आणि मी आत काय पाहिलं ते मला आजही आठवत नाही, सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं.

खरंच बर्फ दाखवायचा असेल तर त्सुगश्पित्से. २९६२ मीटर, जर्मनीतलं सर्वात उंच शिखर, आणि गार्मिश-पार्टेनकिर्खेनहून दात्याच्या चाकांची रेल्वे शिखराखालच्या बर्फाच्या पठारापर्यंत नेते, तिथून शिखरावर केबलकार. चालणं जवळजवळ नाही. आदल्या दिवशी हवामान बघून मगच तिकीट काढा, ढग असले तर वर काहीच दिसत नाही. विरळ हवेत आईंना चालेल का, ते तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा.

म्युनिकमध्ये बर्फ मिळेलच असं धरू नका. नाताळच्या सुमारास तिथे हवा थोडी उबदार होऊन पाऊस पडणं इतकं नेहमीचं आहे की त्याला जर्मनमध्ये स्वतंत्र शब्द आहे, वाइनाख्ट्सटाउवेटर. मुलाला आधीच सांगून ठेवा.

कपडे: एकच जाड स्वेटर घेऊ नका. घरात, रेल्वेत, दुकानात हीटर असतात, आत गेलं की घाम आणि बाहेर आलं की गारठा. थर्मल, त्यावर पातळ लोकरीचं, त्यावर फ्लीस, सर्वात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जर्मन लोक याला कांद्याची पद्धत म्हणतात, एकेक पापुद्रा काढता आला पाहिजे. आईंसाठी पैसे खर्च करायचे ते बुटांवर. घोट्याच्या वर जाणारे, पाणी न शिरणारे, तळव्याला खोल खाचा असलेले. दीड महिना आधी घ्या आणि पुण्यातच घालून फिरवा. बुटाला बाहेरून ताणून लावायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात, ते पिशवीत असू द्या. थंडीनं गुडघे आखडतात हे खरं, पण जास्त भीती घसरण्याची.

*

प्रतिसाद ३

गाडी घेऊ नका. हिवाळी टायर, लवकर पडणारा अंधार, अनोळखी रस्ते, आणि म्युनिकमध्ये पार्किंग. रेल्वे पुरेशी आहे. म्युनिक ते न्युर्नबर्ग आयसीई या वेगवान गाडीनं साधारण तासाभराचं अंतर. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, ते नक्की घ्या, नाताळच्या आठवड्यात लोक उभे असतात. मुलगा तुमच्याबरोबर फुकट प्रवास करेल, पण तिकिटावर त्याची नोंद करा. बव्हेरियात (म्युनिक, न्युर्नबर्ग असलेल्या राज्यात) फिरायला बायर्न टिकेट बघा, पाच जणांपर्यंत एकच तिकीट, फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर.

यंदा एका गोष्टीची तयारी हवी. २४ ला दुकानं दुपारपर्यंतच. २५ शुक्रवार आणि २६ शनिवार सार्वजनिक सुट्टी, २७ ला रविवार. सलग तीन दिवस वाणसामान मिळणार नाही. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या आणि २३ लाच दूध, ब्रेड, भाज्या, तांदूळ भरून ठेवा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, तिखटमिठाच्या पुऱ्या घरून आणा. दूधदुभत्याचे पदार्थ मात्र सामानात नकोत, युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे, तूपसुद्धा ठेवून या. अगदीच अडलं तर म्युनिकच्या मुख्य स्टेशनात काही दुकानं उघडी असतात. २४ च्या संध्याकाळी पुष्कळ उपाहारगृहं बंद होतात आणि रस्ते सामसूम. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उदास वाटतं, पण त्या रात्री सगळे आपापल्या घरी असतात.

व्हिसा: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे आत्ता जुलैत करता येतो. लवकर केलेला बरा, भेटीच्या वेळा नंतर मिळत नाहीत. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईंच्या विम्यात आधीपासूनच्या दुखण्यांचं काय लिहिलंय ते एजंटवर न सोडता स्वतः वाचा. औषधं जास्तीच्या दोन आठवड्यांची, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. तातडीला ११२, आणि रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

*

प्रतिसाद ४

एक सुचवते. आईंनी 'श्टिले नाख्ट' ('सायलेंट नाइट' हे नाताळगीत) नक्कीच शिकवलं असेल. ते १८१८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा गायलं गेलं ते ओबर्नडॉर्फ गाव ऑस्ट्रियात आहे, पण सीमेवरच. अलीकडे जर्मनीतलं लाउफेन, मध्ये साल्झाख नदी, पूल ओलांडला की ओबर्नडॉर्फ. लाउफेनला रेल्वे जाते. जुनं चर्च आता नाही, त्या जागी छोटंसं स्मारक-चॅपल आहे. २४ ला प्रचंड गर्दी होते, २७ ला जा. स्टेशनपासून टॅक्सी करा.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. वाइनाख्ट्सटाउवेटर हा शब्द ऐकून ती उठली आणि जुन्या वहीत तो शोधून आली.

ठरलं असं: १८ च्या रात्री मुंबईहून थेट म्युनिक. २० ते २३ न्युर्नबर्ग, जुन्या गावात हॉटेल, बाजार सोमवारी सकाळी. २३ ला दुपारी म्युनिकला परत, अपार्टमेंट, वाणसामान. किल्ला रद्द, वाईट वाटतंय पण रद्द. हवा चांगली असेल तर २६ ला त्सुगश्पित्से, २७ ला लाउफेन. शाळेत उद्या अर्ज देते, बाईंना खरं कारण सांगणार आहे.

आईचा एकच प्रश्न राहिलाय. २४ ला संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला बसायची तिची इच्छा आहे. आपण ख्रिश्चन नाही, तर चालतं का? मध्येच सगळे उठून पुढे जातात तेव्हा आपण काय करायचं?

*

प्रतिसाद ५

चालतं. कोणी काही विचारत नाही. प्रसाद घ्यायला लोक पुढे जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहायचं, बाकीच्यांना जायला वाट द्यायची. मुलगा बरोबर आहे तर रात्रीच्या प्रार्थनेऐवजी दुपारी तीन-चारच्या सुमाराला लहान मुलांची असते तिला जा. गावातली मुलंच येशूजन्माचं नाटक करतात, जर्मन सोपं असतं, आणि गाणी सगळे मिळून म्हणतात. भिंतीवरच्या फळ्यावर गाण्याचे क्रमांक लावलेले असतात आणि पुस्तकं आत शिरतानाच फडताळात ठेवलेली असतात, एक उचलून आईंच्या हातात द्या. निदान अर्धा-पाऊण तास आधी पोचा, नंतर उभं राहावं लागतं. आणि कोट काढू नका, जुन्या चर्चमध्ये आतही थंडीच असते. आईंना बाकाच्या कडेची जागा धरा, म्हणजे पाय बाजूला लांब करता येईल.